सायनोटाइप घरी करताना पडणारे प्रश्न, एकदाच सगळे

सायनोटाइप करते म्हटलं की तेच तेच प्रश्न येतात आणि दर वेळी घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी केमिस्ट नाही, हाताने करत करत शिकलेय. एक गोष्ट आधीच सांगते. प्रिंट बिघडली की सगळे केमिकलवर संशय घेतात, पण बहुतेक वेळा केमिकल बिचारं ठीकच असतं, घोळ असतो कागदात नाहीतर एक्सपोजरमध्ये, म्हणजे ऊन दाखवण्याच्या वेळेत. खाली हे परत परत येणार आहे, कंटाळू नका.

सायनोटाइप म्हणजे नक्की काय?

लोखंडाच्या क्षारांनी कागद उन्हाला सेन्सिटिव्ह करायचा, त्यावर निगेटिव्ह किंवा एखादी वस्तू ठेवायची, ऊन दाखवायचं आणि पाण्याने धुवायचं. जिथे ऊन लागलं तिथे निळं, जिथे नाही तिथे कागदाचा पांढरा. बस एवढंच. चांदी नाही, डेव्हलपर नाही, फिक्सर नाही. ग्रीक भाषेत क्यानोस म्हणजे गडद निळा, त्यावरून नाव पडलं.

हे शोधलं कोणी? फार जुनं आहे का?

१८४२ साली इंग्लंडमध्ये सर जॉन हर्शेल यांनी. मूळचे खगोलशास्त्रज्ञ, पण फोटोग्राफीवर त्यांचे उपकार बरेच आहेत, फिल्म फिक्स करायला जो हायपो वापरतात त्याचा चांदीच्या क्षारांवरचा गुण त्यांनीच १८१९ मध्ये नोंदवून ठेवला होता. पण सायनोटाइपला खरा जीव दिला ॲना ॲटकिन्स या वनस्पतीशास्त्रातल्या बाईंनी. समुद्री शेवाळ थेट कागदावर ठेवून त्यांनी प्रिंट्स काढल्या आणि १८४३ पासून त्याचं पुस्तक भागाभागाने काढलं. फोटोंनी सजवलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं, आणि त्यात अक्षरंसुद्धा सायनोटाइपनेच छापलेली आहेत! नंतर इंजिनियर आणि आर्किटेक्ट लोकांनी हीच पद्धत नकाशांच्या कॉप्या काढायला उचलली, ब्लूप्रिंट हा शब्द तिथूनच आला. म्हणजे आपण बोलताना "ब्लूप्रिंट तयार आहे" म्हणतो तेव्हा नकळत सायनोटाइपचंच नाव घेत असतो.

निळाच रंग का येतो?

दोन केमिकल असतात, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांनी, म्हणजे यूव्हीने, पहिल्यातलं फेरिक लोखंड बदलून फेरस होतं, आणि हे फेरस लोखंड फेरीसायनाइडला भेटलं की प्रशियन ब्लू तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही म्हणून कागदाच्या धाग्यांत अडकून बसतो. ज्याला ऊन लागलंच नाही ते मिश्रण मात्र पाण्यात विरघळतं, म्हणून धुतलं की निघून जातं. प्रशियन ब्लू हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला रंग, चित्रकार तेव्हापासून वापरतात. आपण फक्त तो ट्यूबमधून न काढता कागदावरच तयार करतो.

नावात सायनाइड आहे, विषारी नाही ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यायलाच हवा. फेरीसायनाइडमध्ये सायनाइडचे गट लोखंडाला इतके घट्ट धरून असतात की नेहमीच्या वापरात ते सुटत नाहीत, त्यामुळे त्याची विषारीपणाची पातळी कमी धरली जाते. पण दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत: तीव्र ॲसिडमध्ये मिसळायचं नाही आणि पावडर किंवा द्रावण आगीवर खूप तापवायचं नाही, कारण तेव्हा हायड्रोजन सायनाइड वायू सुटू शकतो आणि तो खरोखर जीवघेणा आहे. धुताना थोडं व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड घालतात ते सौम्य असतं, ते चालतं. बाथरूम साफ करायचं ॲसिड जवळपासही नको.

बाकी साधी शिस्त पाळायची. हातमोजे घाला, पावडर मोजताना मास्क लावा, स्वयंपाकाची भांडी चमचे वापरू नका, बाटल्यांवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. आणि जुने कपडे घाला हो. माझा एक आवडता कुर्ता सुरुवातीच्या दिवसांत असाच गेला, तेव्हा डाग पिवळट दिसत होता म्हणून दुर्लक्ष केलं आणि बाहेर उन्हात गेल्यावर तो निळा होऊन बसला.

डार्करूम लागते का?

नाही. हेच तर सुख आहे. हा कागद यूव्ही आणि थोडाफार निळा प्रकाश सोडून बाकी कशाकडे फारसं लक्ष देत नाही. खिडकीचे पडदे लावा, पिवळसर उबदार रंगाचा साधा बल्ब लावा आणि निवांत काम करा. थंड पांढरी ट्यूबलाइट मात्र जवळ नको, लगेच काही होत नाही पण कागद तासभर तिच्याखाली वाळत ठेवला तर पांढऱ्या भागात निळसर झाक येते आणि मग आपण कारण शोधत बसतो.

सामान काय काय लागतं?

दोन केमिकल, छोटा वजनकाटा (एक ग्रॅमपर्यंत नीट दाखवणारा), डिस्टिल्ड वॉटर, दोन गडद रंगाच्या बाटल्या, सिरिंज किंवा ड्रॉपर, मऊ ब्रश, चांगला कागद, एक काच, मागे ठेवायला जाड बोर्ड, क्लिपा, आणि धुवायला ट्रे. ब्रशला धातूची पट्टी नसेल तर उत्तम, असेल तर तिच्यावर नेलपॉलिशचा थर द्या किंवा टेप गुंडाळा. धातूला द्रावण लागलं की तिथेच रिॲक्शन होते आणि कागदावर निळे ठिपके येतात.

द्रावणाचं प्रमाण सांगा.

क्लासिक पद्धतीचं, मी वापरते ते असं.

बाटली अ: फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, पाणी घालून एकूण १०० मिली.
बाटली ब: पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम, पाणी घालून एकूण १०० मिली.

वापरायच्या वेळी दोन्ही सारखं घ्यायचं आणि मिसळायचं. फेरिक अमोनियम सायट्रेट हिरवं आणि तपकिरी अशा दोन प्रकारांत मिळतं, हिरवं घ्या, ते प्रकाशाला जास्त सेन्सिटिव्ह असतं. वेगवेगळ्या ठिकाणी २० आणि ८ असंही प्रमाण दिसेल, तेही चालतं, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. काही जुन्या कृतींमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवायला डायक्रोमेट घालायला सांगतात. ते कॅन्सरकारक आहे. नका घालू, कॉन्ट्रास्ट निगेटिव्हमधून सांभाळा.

बाटलीत बुरशी आली, फेकून देऊ?

अ बाटलीत येतेच, सायट्रेट बुरशीला आवडतं. कॉफी फिल्टरने गाळून घ्या आणि वापरा, प्रिंटमध्ये फरक दिसत नाही. वेगवेगळ्या ठेवलेल्या बाटल्या अंधारात कित्येक महिने टिकतात, मिसळलेलं द्रावण मात्र त्याच दिवशी संपवायचं. मिसळलेलं द्रावण पिवळसर हिरवं दिसायला हवं, निळं दिसायला लागलं तर ते गेलं.

कुठला कागद घेऊ? साध्या ड्रॉइंग पेपरवर का होत नाही?

इथे थोडं थांबते कारण निम्मी कला इथेच आहे.

कागदाला दोन परीक्षा द्यायच्या असतात. पहिली, पाण्यात पंधरा वीस मिनिटं राहून त्याचा लगदा होता कामा नये, म्हणून वॉटरकलरचा कागद, शक्यतो शंभर टक्के कॉटनचा आणि ३०० जीएसएमच्या आसपासचा. साधा ड्रॉइंग पेपर बऱ्याचदा इथेच नापास होतो. दुसरी परीक्षा लोक विसरतात ती म्हणजे अल्कली. बरेच चांगले, महाग, "ॲसिड फ्री" म्हणून विकले जाणारे कागद टिकाऊ व्हावेत म्हणून त्यांत कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, थोडक्यात खडू. वॉटरकलरसाठी ते छानच, पण प्रशियन ब्लूला अल्कली म्हणजे शत्रू. अशा कागदावर निळा फिका येतो, पांढरा भाग पिवळट राहतो, आणि आपण केमिकल विकणाऱ्याला शिव्या घालतो.

ओळखायचं कसं? कागदाच्या कोपऱ्यावर व्हिनेगरचा किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्याचा थेंब टाका आणि भिंगातून बघा. बारीक बुडबुडे आले तर खडू आहे. मग तो कागद फेकायची गरज नाही, सौम्य सायट्रिक ॲसिडच्या नाहीतर सल्फॅमिक ॲसिडच्या पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, स्वच्छ पाण्याने धुवा, वाळवा आणि मग वापरा. काम वाढतं पण फरक डोळ्याला दिसतो.

हे झेंगट नकोच असेल तर हानेम्यूलेचा प्लॅटिनम रॅग, आर्शचा प्लाटिन, बेर्गरचा सीओटी ३२० असे कागद या जुन्या पद्धतींसाठीच बनवलेत आणि त्यांत खडू नसतो. पण शिकताना नका वापरू, जीव घाबरतो आणि हात मोकळा होत नाही. साध्या वॉटरकलर कागदाचे चार प्रकार आणा, प्रत्येकाची पट्टी कापा, एकत्र कोट करा, एकत्र उन्हात ठेवा, एकत्र धुवा आणि बघा. एका दुपारी जे कळेल ते मी दहा पानं लिहून सांगू शकणार नाही.

पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर डिटेल्स चांगले येतात, खरबरीत असेल तर प्रिंटला चित्रासारखा पोत येतो. ती आवड आपापली.

कोटिंग करताना ब्रशच्या रेघा दिसतात.

द्रावण कमी घेताय किंवा ब्रश जास्त वेळ फिरवताय. २० बाय २५ सेंटीमीटरच्या प्रिंटला मला साधारण ३ मिली लागतं. मध्ये ओता, आडवं पसरवा, मग उभं, मग ब्रश पिळून अगदी हलक्या हाताने एकदा परत, आणि थांबा. कागदाने शोषायला सुरुवात केली की ब्रश लावायचा नाही, नाहीतर वरचे धागे सुटतात आणि तिथे डाग पडतो. कोटिंग करायच्या आधी ब्रश डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओला करून झटकला तर द्रावणही कमी वाया जातं. कडेचे ब्रशचे फटकारे दिसू द्यायचे की निगेटिव्हभोवती काळी मास्क लावून कडा सरळ ठेवायच्या हे तुमच्यावर. मला फटकारे आवडतात पण हल्ली ते मुद्दाम केल्यासारखे दिसतात असंही वाटतं.

किती वेळ वाळवायचं?

हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही. अंधारात पंख्याखाली अर्धा तास तरी, हवा दमट असेल तर जास्तच. मी एकदा घाईत थोड्या ओलसर कागदावर इंकजेटची निगेटिव्ह ठेवली, उन्हात दोन्ही तापले आणि शाई कागदाला चिकटून बसली, प्रिंट गेली ती गेली आणि संध्याकाळभर बसून केलेली निगेटिव्ह पण गेली. हेअर ड्रायर चालतो, पण गार हवेवर.

कोट केलेला कागद किती दिवस टिकतो?

त्याच दिवशी वापरलेला बरा. काळ्या पिशवीत बंद करून कोरड्या जागी एक दोन दिवस चालतो. पिवळसर हिरव्याचा निळसर राखाडी व्हायला लागला की पांढरे भाग मिळणार नाहीत.

निगेटिव्ह कशी बनवायची?

आधी हे समजून घ्या की सायनोटाइप कॉन्टॅक्ट प्रिंट आहे. जेवढी निगेटिव्ह तेवढीच प्रिंट. ३५ एमएमची निगेटिव्ह ठेवलीत तर पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र मिळेल, आणि निगेटिव्ह मोठी करून छापणाऱ्या नेहमीच्या एनलार्जरच्या दिव्यात पुरेसा यूव्ही नसतो त्यामुळे तो मार्गही बंद. मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह असेल तर तुम्ही भाग्यवान. बाकी आपण सगळे डिजिटल निगेटिव्ह करतो.

फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, इन्व्हर्ट करा, मग आडवा फ्लिप करा आणि इंकजेटच्या ट्रान्सपरन्सी फिल्मवर प्रिंट करा. फ्लिप अशासाठी की फिल्मची शाईची बाजू कागदाला टेकली पाहिजे. शाई वर राहिली तर मध्ये फिल्मच्या जाडीएवढं अंतर पडतं आणि चित्र मऊ, धूसर येतं. लेझर प्रिंटरवर पण होतं पण टोनर पुरेसा गडद नसतो, तेव्हा दोन फिल्म एकावर एक बरोबर जुळवून ठेवायच्या.

खरी अडचण कर्व्हची असते, म्हणजे फोटो एडिटिंगमध्ये गडद, मधल्या आणि फिकट छटा कमीजास्त करायच्या त्या रेषेची. स्क्रीनवर छान दिसणारा फोटो तसाच इन्व्हर्ट केला की प्रिंटमध्ये सावल्या एकदम निळ्या गठ्ठ्यासारख्या येतात आणि हायलाइट्स उडतात, कारण सायनोटाइपचा प्रतिसाद स्क्रीनसारखा नाही. उपाय असा: आधी वेळ ठरवा, मग कर्व्ह. कोट केलेल्या पट्टीचा अर्धा भाग कोऱ्या फिल्मने झाका आणि अर्धा उघडा ठेवा, वेगवेगळ्या वेळा द्या, धुवा, वाळवा. ज्या वेळेला फिल्मखालचा निळा आणि उघडा निळा यांत फरक दिसेनासा होतो तो तुमचा बेसिक वेळ. आता त्या वेळेला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांची पट्टी प्रिंट करा, कुठल्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या ते बघा आणि कर्व्ह तेवढा हलवा. दोन तीन फेऱ्यांत जमतं. कागद बदलला की परत थोडं करावं लागतं, त्याला इलाज नाही.

निगेटिव्हशिवाय, पानं फुलं ठेवून करता येईल ना?

येईल आणि सुरुवात त्यानेच करा. पानं आधी जाड पुस्तकात दाबून चपटी करा, नाहीतर कडा धूसर येतात. पातळ पाकळ्यांतून थोडा यूव्ही आरपार जातो त्यामुळे शिरा दिसतात, जाड पानाची मात्र नुसती पांढरी सावली मिळते. पिसं, लेस, जाळी, चुरगळलेला बटर पेपर सगळं ठेवून बघा. ताज्या पानांचा ओलावा उन्हात बाहेर येऊन कागदावर विचित्र पिवळे, तपकिरी, हिरवट डाग पाडतो, काही जण त्यासाठीच मुद्दाम ओल्या कागदावर करतात आणि तासन् तास उन्हात ठेवतात. त्याला वेट सायनोटाइप म्हणतात. परत तशीच येईल याची खात्री नाही, पण मजा आहे.

उन्हात किती वेळ ठेवायचं? मला फक्त आकडा हवाय.

आकडा देते पण विश्वास ठेवू नका: कडक उन्हात डिजिटल निगेटिव्हला साधारण ५ ते २० मिनिटं. ऊन रोज वेगळं, तासाला वेगळं. एक सोपी खूण म्हणजे तुमची स्वतःची सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब पडत असेल तर यूव्ही कमी झालाय, वेळ वाढवा.

घड्याळापेक्षा रंग बघा. कागद आधी पिवळसर हिरवा, मग निळसर हिरवा, मग गडद निळा, आणि मग एक गंमत होते, सगळ्यात जास्त ऊन लागलेले भाग परत फिके पडून राखाडी, जुन्या कांस्यासारखे दिसायला लागतात. नवीन माणूस इथे घाबरतो आणि आत आणतो. खरं तर इथेच तुम्ही बरोबर वाटेवर असता. जास्त प्रकाशात तयार झालेल्या प्रशियन ब्लूचा काही भाग तात्पुरता रंगहीन होतो, धुऊन वाळल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने तो परत निळा होतो. आणि धुताना बराच निळा वाहूनही जातो, म्हणून उन्हात प्रिंट पाहिजे त्यापेक्षा चांगलीच गडद दिसायला हवी. फिकट प्रिंट घेऊन येणाऱ्या बहुतेकांना मी एवढंच सांगते की दुप्पट वेळ द्या आणि मग माझ्याशी बोला.

पहिल्या दिवशी टेस्ट स्ट्रिप कराच. पूर्ण पट्टी २ मिनिटं, मग एक चतुर्थांश पुठ्ठ्याने झाकून आणखी २, मग अर्धी झाकून ४, मग पाऊण झाकून ८. झाल्या २, ४, ८, १६ मिनिटांच्या चार पायऱ्या एकाच कागदावर.

ढगाळ असेल तर?

होतं, वेळ कितीतरी पट लागतो आणि कॉन्ट्रास्ट जरा मऊ येतो. रोज एकसारखा रिझल्ट हवा असेल तर यूव्ही दिवा घ्या. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरच्या एलईडी फ्लडलाइट चालतात, काळ्या निळ्या यूव्ही ट्यूब पण. दिवा फार जवळ ठेवला तर मध्ये गडद आणि कडेला फिकं येतं. डोळ्यांना यूव्हीचा चष्मा लावा, आणि चालू दिव्याकडे बघत बसू नका, तो मंद दिसतो म्हणून निरुपद्रवी वाटतो पण तसा नाही.

साधी काच चालेल?

चालेल. खिडकीची साधी काच उपयोगाचा बराचसा यूव्ही जाऊ देते. फोटो फ्रेमची यूव्ही रोखणारी काच मात्र नको आणि ॲक्रिलिकच्या शीटही जपून, कित्येक शीट यूव्ही अडवतात. काच जड असलेली बरी, निगेटिव्ह कागदाला सगळीकडे घट्ट टेकली पाहिजे.

धुवायचं कसं?

ट्रेमध्ये गार पाणी, प्रिंट पालथी सोडा, हळू हलवा, पाणी पिवळं झालं की बदला. पाणी पिवळं व्हायचं थांबेपर्यंत आणि पांढऱ्या भागातला पिवळेपणा जाईपर्यंत, साधारण १० मिनिटं. नळाची धार थेट प्रिंटवर सोडू नका. पाणी जड असेल, म्हणजे क्षार जास्त असतील, तर ते थोडं अल्कलाइन असतं आणि निळ्याला खातं, पहिल्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड किंवा थोडं व्हिनेगर घाला. त्याने मधल्या छटाही जास्त टिकतात. तासभर धूत बसायची गरज नाही, उलट बारीक छटा जातात.

ते हायड्रोजन पेरॉक्साइडचं जादूचं पाणी काय असतं?

औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड, लिटरभर पाण्यात एखादं झाकण. धुतलेली प्रिंट त्यात घातली की क्षणात गडद निळी होते, बघणारे "आई गं" म्हणतात. पण ती जादू फक्त वेळेची आहे, हवेत वाळल्यावर एक दिवसात जो निळा येणार असतो तोच लगेच दिसतो, जास्तीचा निळा येत नाही. टेस्ट स्ट्रिप लगेच वाचायला मात्र फार कामाचं.

माझी प्रिंट बिघडली, काय चुकलं असेल?

सगळा निळा पाण्यात वाहून गेला: एक्सपोजर कमी. किंवा कागद वरून इतका गुळगुळीत, चिकण आहे की द्रावण आत मुरलंच नाही.

पांढरा भाग निळसर: कागद आधीच फॉग झाला, म्हणजे जिथे नको तिथे निळा आला. कारणं: जुनं मिश्रण, जास्त वेळ साठवलेला कागद, खोलीत जास्त उजेड, किंवा निगेटिव्हचा काळा पुरेसा काळा नाही.

पांढरा भाग पिवळा: धुणं कमी पडलं किंवा कागदात खडू आहे.

निळे बारीक ठिपके: धातूचे कण. ब्रश, कात्री, गंजलेल्या नळाचं पाणी, सगळ्यांकडे संशयाने बघा.

एका कोपऱ्यातच धूसर: मागचा बोर्ड वाकलाय.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत लिहून ठेवा. कागद, द्रावण आणि वेळ तिन्ही बदलून प्रिंट चांगली आली तर आनंद होतो, पण कशामुळे आली ते कळत नाही.

निळा नकोय, दुसरा रंग करता येतो?

टोनिंग करा. कडक चहा किंवा कॉफी गार करून त्यात प्रिंट बुडवून ठेवली की त्यातलं टॅनिन लोखंडाला धरतं आणि निळा हळूहळू काळपट होतो, कागदही थोडा चहाच्या रंगाचा होतो. तपकिरी हवा असेल तर आधी ब्लीच करायचं: लिटरभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा, त्यात निळा आधी जांभळट आणि मग फिका पिवळा होत जातो, अगदी काही सेकंदांतसुद्धा, त्यामुळे नजर हटवू नका. मग नीट धुवून चहात. सोडा राहिला तर पुढे जाऊन प्रिंट खराब होते. टोनिंगमध्ये छटा कमी होतात म्हणून मुळात गडद प्रिंट घ्या. बिघडलेल्या, जास्त एक्सपोज झालेल्या प्रिंट मी याच्यासाठीच साठवून ठेवते.

कापडावर होतं?

होतं, पण कॉटन, लिनन, सिल्क अशा नैसर्गिक कापडावर, सिंथेटिकवर टिकत नाही. आधी कापड धुवून त्यातली खळ काढा. नंतर धुताना नेहमीचा कपड्यांचा साबण किंवा पावडर नको, ती अल्कलाइन असते आणि निळ्याचा पिवळा करते. सौम्य, न्यूट्रल लिक्विड आणि गार पाणी. ब्लीच तर नकोच.

प्रिंट किती टिकते? भिंतीवर लावली तर उडते का?

ॲटकिन्सबाईंच्या प्रिंट्स आजही निळ्या आहेत, आणखी काय सांगू. सतत उजेडात निळा थोडा फिका पडतो हे खरं, पण ही एक अजब वस्तू आहे, काही दिवस अंधारात आणि मोकळ्या हवेत ठेवली की बराचसा रंग परत येतो. अल्कलीने गेलेला मात्र परत येत नाही. त्यामुळे थेट उन्हात टांगू नका आणि फ्रेम करताना माउंट बोर्ड बफर नसलेला, म्हणजे खडू न घातलेला मागा. फ्रेमवाले "ॲसिड फ्री आहे ना, मग झालं" म्हणतात, ते इतर फोटोंना ठीक, आपल्याला उलटं पडतं, कारण तोच बोर्ड बहुतेक वेळा खडू घातलेला असतो.

न्यू सायनोटाइप म्हणून जे आहे ते चांगलं का?

माइक वेअर या ब्रिटिश केमिस्टने १९९० च्या दशकात मांडलेली पद्धत, सायट्रेटऐवजी फेरिक अमोनियम ऑक्झलेट. एकच बाटली, बराच कमी एक्सपोजर, कागदात चांगलं मुरतं आणि धुताना निळा कमी जातो. पण बनवायला किचकट, ऑक्झलेट जास्त विषारी, आणि कागदाच्या बाबतीत ते क्लासिकपेक्षाही नखरेल. क्लासिकवर हात बसल्यावर बघा.

उरलेलं द्रावण आणि डाग यांचं काय करू?

मिसळलेलं थोडंसं उरलं तर मी रद्दी कागदांवर, पोस्टकार्डांवर फासून टाकते, उद्याच्या टेस्ट स्ट्रिप झाल्या. खराब झालेलं असेल तर जुन्या कागदात शोषून उन्हात ठेवा, निळं पडलं की कचऱ्यात. ॲसिड किंवा ब्लीच टाकलेल्या ड्रेनमध्ये ओतू नका.

फरशीवरचा निळा डाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पिवळा पडतो, तो भरपूर पाण्याने पुसून घ्या आणि राहिलेला गंजासारखा पिवळा डाग सायट्रिक ॲसिडने काढा. मध्ये पाण्याने पुसायचं विसरलात तर ॲसिड लागल्यावर तोच डाग परत निळा होतो. मी विसरले होते.